गार्डसाहेबांची निवडणूक

मी फ्लॅट बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नोकरी, जात, स्वयंपाक यातलं काही विचारलं नाही. गॅलरीत लोखंडी खुर्ची टाकून बसले होते. अंगात बनियन, डोक्यावर लहानशी गोल काळी टोपी आणि गळ्यात शिट्टी. मला नीट न्याहाळून म्हणाले, "तुमच्यात खोट काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हणाले. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियनची नोकरी नुकतीच लागली होती आणि घरमालकांपुढे शहाण्यासारखं वागायचं, असं आईनं अकलूजहून निघताना बजावलं होतं.

"मग फ्लॅट रिकामा नाही."

समोरच्या दारावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लोंबत होती. मी पाटीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. मी जिना उतरायला लागले, आणि मधल्या वळणावर मला इतका संताप आला की तिथूनच वर ओरडले, "नळ नीट बंद करत नाही मी! लक्षात राहत नाही! आई रोज शिव्या घालते!"

सोलापुरात ही साधी कबुली नव्हे. जिथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं असं सांगायचं म्हणजे भरल्या बाजारात आपण पाकीटमार असल्याचं जाहीर करण्यासारखं. वरून शिट्टी वाजली.

"या, या! किल्ली घेऊन जा."

किल्ली देता देता त्यांनी खुलासा केला. ते बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातून आलेले मराठी यहुदी. त्यांच्या जुन्या धर्मगुरूंचं म्हणणं असं की समाजावर पुढारी नेमायचा तर ज्याच्या पाठीमागं सरपटणाऱ्या प्राण्यांचा डबा लटकतोय, ज्याच्यात काही तरी खोट आहे, असाच नेमावा. म्हणजे त्याच्या डोक्यात हवा गेली की लोकांना म्हणता येतं, बाबा रे, जरा मागं वळून बघ.

"पण मी पुढारी नाही, भाडेकरू आहे," मी म्हणाले.

"सुरुवात कुठून तरी करायला हवी," ते म्हणाले.

रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य गेल्यामुळे सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. त्यांचं आडनाव कोकणातल्या एका गावावरून आलेलं, पण ते गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. वडीलही इथंच रेल्वेत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी इस्राएलमध्ये होती.

संध्याकाळी आईला फोन केला.

"कोण हायत म्हनं मालक? ख्रिश्चन का मुसलमान?"

"दोन्ही न्हाय."

"मग आपल्यातलं हायत?"

"न्हाय गं, आये. यहुदी हायत."

आईनं तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग म्हणाली, "दाराला आतनं कडी हाय न्हवं?"

गार्डसाहेब माणसांना गावाच्या नावानं हाक मारत. मी 'अकलूज' झाले. "काय अकलूज, तुमच्या गावाला स्टेशन नाही. म्हणजे रेल्वेच्या हिशेबानं तुम्ही अजून निघालेलाच नाहीत," असं ते दर दोन-चार दिवसांनी म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे. सकाळी सोसायटीतले लोक गाड्या काढून कामाला जात, तेव्हा ते गॅलरीत उभे राहून शेवटची स्कूटर फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत. मग आत जाऊन चहा घेत. त्यांचं म्हणणं, गाडी सुटली असं ड्रायव्हरनं सांगून उपयोग नाही, त्याला फक्त पुढचं दिसतं.

शुक्रवारी संध्याकाळी ते दिवे लावत. शनिवार हा त्यांच्या धर्मातला विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी गॅस, बटण, कशालाच हात लावत नसत. दुसऱ्यालाही लाव म्हणून सांगायचं नाही असा नियम. त्यामुळे मे महिन्यातल्या शनिवारी ते माझ्या दारात उभे राहून भिंतीशी बोलत. "आज हवा अजिबात नाही. पंखा म्हणून एक वस्तू असते म्हणे." मी जाऊन त्यांचा पंखा लावायचे. ते आश्चर्य वाटल्यासारखं करून म्हणायचे, "अरे वा, लागला वाटतं!"

मी राहायला गेले त्याच वर्षी आमचे चेअरमन मुलाकडे पुण्याला गेले आणि जागा रिकामी झाली. त्याच सुमाराला सोसायटीचं बोअर बंद पडलं. महापालिकेचं पाणी यायचं ते खालच्या एकाच नळाला. त्यामुळे बायका, म्हातारी माणसं, सगळे बादल्या घेऊन तीन-तीन जिने चढत होते. चेअरमन कोण होतो यावर पाणी वर कसं चढणार ते ठरणार होतं.

बिराजदारांना चेअरमन व्हायचं होतं. ते मूळचे मैंदर्गीचे. गावाकडे शेती आणि शहरात सिमेंटचं दुकान. माणूस रुबाबदार, आवाज मोठा, घरात कानडी बोलायचे आणि बाहेर मराठी. बोअर बुजवून टाकावं आणि आपल्या मेव्हण्याचा टँकर कायमचा लावावा, असा त्यांचा विचार होता. फाटकावर त्यांनी आधीच फ्लेक्स लावला होता. काळा गॉगल, कानाला फोन आणि खाली 'भावी चेअरमन'. गार्डसाहेबांनी फ्लेक्ससमोर उभं राहून तो सावकाश वाचला.

"यांना पाहिजे आहे," ते म्हणाले. एखाद्याला कावीळ झालीय हे सांगावं तसं.

गंमत अशी की सोसायटीच्या सभेत निवडणूक अधिकारी म्हणून गार्डसाहेबांचं नाव बिराजदारांनीच सुचवलं. "हितं कोन लिंगायत हाय, कोन मराठा हाय, कोन पद्मशाली हाय. कुनीबी बसला तरी दुसऱ्याला शंका येनारच की. साहेबांच्या जातीचं हितं कोनच न्हाय. ह्यांच्याएवढा निःपक्ष मानूस सोलापुरात घावायचा न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गार्डसाहेबांनी जबाबदारी स्वीकारली आणि लगेच झाडांची गोष्ट सांगायला घेतली.

"झाडांना एकदा राजा पाहिजे होता," ते पार्किंगमध्ये उभे राहून म्हणाले. "आमच्या धर्मग्रंथात पहिलं झाड ऑलिव्हचं आहे. पण ते इथं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून आपण कडुनिंब घेऊ. झाडं कडुनिंबाकडे गेली. तो म्हणाला, मला औषधाचं काम आहे, वेळ नाही. मग अंजिराकडे गेली. तो म्हणाला, गोडवा सोडून मी खुर्चीवर कशाला बसू? द्राक्षाची वेल म्हणाली, माझा हंगाम चालू आहे. शेवटी गेली वेड्या बाभळीकडे. ती लगेच म्हणाली, या की, माझ्या सावलीत बसा!"

"बाबळीला कुटं सावली असती?" बिराजदार म्हणाले.

"तेच," गार्डसाहेब म्हणाले.

थोड्या वेळानं बिराजदारांच्या ध्यानात आलं. "म्हंजे बाबळ मी का?"

"मी नाव घेतलं नाही. तुम्ही हात वर केलात."

सभा तिथंच मोडली. पण गार्डसाहेबांचं काम आता सुरू झालं होतं. नको म्हणणारा, तरीही लायक असा माणूस त्यांना शोधायचा होता, आणि त्यांच्या मते त्याची परीक्षा पूर्वीच ठरलेली होती. मागच्या मोकळ्या प्लॉटवर शेळ्या चारणाऱ्या बाईकडून त्यांनी एक करडू मागून आणलं. रविवारी दुपारी नळाला पाणी आलं, सगळी सोसायटी बादल्या, कळशा, ड्रम घेऊन खाली आली, आणि ऐन गर्दीत त्यांनी ते करडू सोडून दिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"बघत राहा," ते शिट्टी तोंडाजवळ धरून म्हणाले.

करडू आधी बिराजदारांच्या पायांतून गेलं. "ए वॉचमन! हाकल त्याला!" बिराजदार ओरडले. वॉचमन धावला, तेव्हा करडू जिन्यात शिरलं. दोघा-तिघांनी मोबाइल काढून त्याचं शूटिंग केलं, पण रांग कुणी सोडली नाही. ते थेट गच्चीवर गेलं. आणि एकाएकी रांगेतले चिलवेरी "अय्यो! माझा टॉवेल!" असं किंचाळत जिन्याकडे पळाले.

चिलवेरी तेलुगू बोलणारे पद्मशाली, यंत्रमागाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आता घरून चादरी-टॉवेल विकायचे. बारीक अंगाचे, भित्रे, जिन्यात समोरून कुणी आलं तर ते जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहणारे. गच्चीवर त्यांचे टॉवेल वाळत होते.

बराच वेळ गेला. मग जिन्यातून चिलवेरी उतरले. खांद्यावर करडू, करडाच्या तोंडात टॉवेलचं एक टोक आणि दुसरं चिलवेरींच्या मानेला गुंडाळलेलं. चढलेल्या करडाला उतरता येत नव्हतं म्हणे. रांगेतला त्यांचा नंबर गेला होता. आधी भरून ठेवलेली एकच बादली होती, ती त्यांनी करडासमोर ठेवली. "उन्हात वर गेलं ना बिचारं. तहान लागली असंल," ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले.

गार्डसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचा पहिला पुढारी, मोशे, मेंढपाळ होता. एकदा कळपातलं एक करडू पळालं. तो मागं मागं गेला तर ते झऱ्यावर पाणी पीत होतं. तुला तहान लागली होती हे मला कळलं नाही, असं म्हणून त्यानं ते खांद्यावर घेऊन परत आणलं. मग देवानं ठरवलं, हा माणसांचा कळपही सांभाळेल.

"पण हे टॉवेलसाठी पळाले," मी म्हणाले.

गार्डसाहेब चपापले. टॉवेलचा मुद्दा त्यांच्या शास्त्रात नव्हता. पुढचे काही दिवस ते अस्वस्थ होते. चहा घेताना मध्येच थांबून म्हणायचे, "मोशेकडे टॉवेल होता की नव्हता, याबद्दल काही सांगितलेलं नाही." शेवटी एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. चेहरा उजळलेला. "अकलूज, सुटलं! वर जाताना टॉवेलसाठी गेले. खाली येताना करडासाठी आले. माणूस नेहमी उतरताना बघायचा."

चिलवेरींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात कानांना लावले. "वद्दु, वद्दु! नको, नको! मला कशाला ओ साहेब? मला बोलता येत नाही. घरात पण हीच बोलते." शेजारी उभ्या असलेल्या चिलवेरीकाकूंनी मान डोलावली. गार्डसाहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं चिलवेरींचा अर्ज स्वतःच भरला.

निवडणुकीच्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बिराजदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत येऊन पुढच्या रांगेत बसले. चिलवेरींचा पत्ता नव्हता. फोन बंद. काकूंना विचारलं तर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हनुवटीनं जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीकडे खूण केली. दार उघडलं तर आत चादरींचे गठ्ठे रचलेले, आणि दोन गठ्ठ्यांच्या मधून चपला घातलेले दोन पाय बाहेर आलेले.

"सामानात लपलाय!" गार्डसाहेब आनंदानं ओरडले. "आमचा पहिला राजा निवडला तेव्हा तोही असाच सामानात लपून बसला होता! तिथून ओढून काढला त्याला!"

"मग चांगला राजा झाला असेल," मी म्हणाले.

"छे. पुढं फार वाईट झालं त्याचं."

"मग हो?"

"म्हणून तर डबा लागतो," ते म्हणाले आणि खरोखरच पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला.

चिलवेरींना दोघांनी धरून आणलं. डबा टेबलावर ठेवून गार्डसाहेबांनी पाठीमागच्या डब्याचं तत्त्व सगळ्यांना समजावलं. मग उमेदवारांना सांगितलं, की तुमच्या पाठीमागं काय आहे ते लोकांपुढं सांगा.

चिलवेरी उभे राहिले.  जमिनीकडे बघत म्हणाले, "बोअर चालू होतं तेव्हा मी घरातल्या नळाला मोटार लावत होतो. डायरेक्ट. वरच्या लोकांचं पाणी ओढत होतो. मग एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्यांच्या नळाला थेंब नाही. तेव्हा काढली." एवढं बोलून खाली बसले. बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. चिलवेरींच्या मोटारीचं सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरीही मोटारी होत्या, आणि त्या अजून निघाल्या नव्हत्या.

"बिराजदार?"

"माझ्या पाठीमागं कायबी न्हाय," बिराजदार छाती काढून म्हणाले. "स्वच्छ मानूस हाय मी. कुनीबी यावं, बघावं."

"मग तुम्ही अपात्र," गार्डसाहेब दुःखी आवाजात म्हणाले.

"अपात्र? स्वच्छ हाय म्हनून अपात्र? ही कुटली निवडनूक म्हनायची? आन ह्या डब्यात काय हाय ते तरी बघू!" बिराजदारांनी डबा ओढला आणि झाकण उघडलं.

गार्डसाहेब तत्त्वाला पक्के होते. डब्यात सरपटणारा प्राणी असायला हवा म्हटल्यावर त्यांनी पाल धरून आणली होती. ती बिराजदारांच्या पांढऱ्या बाहीवर चढली.

माणूस फार घाबरला की पाळण्यातल्या भाषेत ओरडतो. "यव्वा! हल्ली! हल्ली!" असं ओरडत बिराजदार टेबलावर चढले. कानडीत पालीला हल्ली म्हणतात. कानडी न येणाऱ्या आम्हा अर्ध्या लोकांना वाटलं, ते हल्लीच्या परिस्थितीबद्दल काही सांगताहेत, म्हणून आम्ही लक्ष देऊन ऐकत राहिलो. पाल खांद्यावर पोचली तेव्हा त्यांनी टेबलाशेजारी उभ्या वॉचमनच्या अंगावर उडी घेतली आणि त्याच्या गळ्याला मिठी मारून डोळे मिटून घेतले. चिलवेरी उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला, पाल अलगद त्यात धरली आणि कंपाउंडच्या भिंतीवर नेऊन सोडली.

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. बिराजदारांच्या डोळ्यांत पाणी होतं. गार्डसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवून सभा शांत केली आणि गंभीरपणे जाहीर केलं, "बिराजदार आता पात्र झाले आहेत. दोन्ही उमेदवार वैध."

मतदान झालं. चिलवेरी निवडून आले आणि रडायला लागले. काकूंनी त्यांना गप्प केलं.

चेअरमन म्हणून चिलवेरी जिन्यातला बल्ब बदलायचा तरी प्रत्येक दार वाजवून विचारायचे, "चालेल ना?" लोक कंटाळले, पण बोअर दुरुस्त झालं. ते केलं मात्र बिराजदारांनी. निवडणुकीनंतर ते बरेच दिवस कुणाला दिसले नव्हते. मग एका संध्याकाळी गार्डसाहेबांच्या गॅलरीत आले. मी तिथंच होते. आवाज अगदी उतरलेला.

"साहेब, लोक हसत्यात मला. पोरं हल्ली हल्ली म्हनून चिडवत्यात."

"लहानपणापासून भीती वाटते?"

"व्हय. शेतातल्या खोलीत निजायचो तवा एकदा अंगावर पडली हुती. कुनाला बोललो न्हाय कदी. बायकोलाबी न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "चिलवेरीला बोरिंगवाले दाद देईनात. माझ्या वळखीचा एक हाय. आनू का?"

"मेव्हण्याच्या टँकरचं काय?"

"ऱ्हाऊ द्या वो. ऱ्हाऊ द्या ते."

त्या दिवसानंतर बिराजदार रोज येऊ लागले. गार्डसाहेबांचा गुडघा दुखायला लागला होता, त्यांचं बँकेचं, औषधाचं काम बिराजदार करायचे. आल्यावर आधी छताकडे एक नजर टाकायचे, मग बसायचे.

सोसायटीची निवडणूक अशी पार पडली. स्वतःच्या समाजाच्या निवडणुकीत मात्र गार्डसाहेब पडले.

एकेकाळी सोलापुरात रेल्वेतली, गिरण्यांतली, शाळांतली बेने इस्राएल कुटुंबं होती. हळूहळू कुणी मुंबईला गेलं, कुणी इस्राएलला, आणि उरले गार्डसाहेब आणि गावाबाहेरच्या दफनभूमीचा एक लहानसा तुकडा. त्याची देखभाल करायला पूर्वी एक कमिटी होती. गार्डसाहेबांनी ती चालू ठेवली होती. दरवर्षी वार्षिक सभा भरायची. खोलीत दोन खुर्च्या. मी प्रेक्षक म्हणून पलंगावर बसायचे.

एका खुर्चीवर बसून ते अध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव सुचवत. मग उठून, गुडघा सांभाळत, दुसऱ्या खुर्चीवर जाऊन अनुमोदन देत. त्या वर्षी अनुमोदन देण्याआधी दुसऱ्या खुर्चीवरून त्यांनी विचारलं, "पावसात भिंत पडली तेव्हा आपण कुठं होतात?"

पहिल्या खुर्चीवर परत येऊन म्हणाले, "गुडघा दुखत होता."

दुसऱ्या खुर्चीवर गेले. "गुडघा पुढाऱ्याचा असतो. भिंत समाजाची. हे उत्तर समाधानकारक नाही."

मग मतदान घेतलं. हात वर झाला नाही. मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण ते बराच वेळ दोन्ही खुर्च्यांकडे बघत उभे राहिले. "पडलो," ते म्हणाले.

ते वर्षभर त्यांनी अध्यक्षाची खुर्ची वापरली नाही. बिराजदारांना घेऊन भिंत बांधून घेतली, गवत काढलं, पण सगळं साधा सभासद म्हणून. भिंतीबाबत सही घ्यायला महापालिकेच्या ऑफिसातला माणूस आला तेव्हा त्याला सांगितलं, "अध्यक्ष नाहीत."

"कधी येतील?"

"निवडून आले तर."

पुढं त्यांचा गुडघा फारच बिघडला. मुलगी आली, ती त्यांना घेऊनच जायचं ठरवून. त्यांनी विरोध केला नाही. फक्त म्हणाले, "त्याआधी एक सभा घ्यावी लागेल."

सभा दफनभूमीत भरली. बिराजदारांनी गाडीतून खुर्ची आणली होती. चिलवेरींनी दहा वेळा विचारलं, की चपला काढायच्या का. आम्ही तिघं आणि ते. त्यांची मुलगी फाटकाशी उभी राहून रुमालानं डोळे पुसत होती, आणि मध्येच हसतही होती.

"अध्यक्षपद रिकामं आहे," गार्डसाहेब म्हणाले. "कुणाला पाहिजे?"

बिराजदारांचा हात सवयीनं अर्धा वर गेला. मग त्यांनी तो डोकं खाजवण्यासाठी वापरला. चिलवेरी कबरीमागं सरकायला लागले होते.

"चिलवेरी चेअरमन आहेत, एका माणसाला एकच पद. बिराजदारांना अजून जरा पाहिजे आहे." मग ते माझ्याकडे वळले. "अकलूज?"

"नको," मी म्हणाले. "अहो, मी यहुदी नाही. मला यातलं काही कळत नाही. आणि हे शोभत तरी का?"

"तीन कारणं दिलीत. कडुनिंबानं एकच दिलं होतं," ते म्हणाले. "पण मी एकटा ठरवू शकत नाही. समाजाला विचारल्याशिवाय पुढारी नेमायचा नाही. देवानंसुद्धा नेमला नाही. त्यानं आधी लोकांना विचारायला लावलं."

"समाज कुठाय, साहेब?" चिलवेरींनी विचारलं.

गार्डसाहेबांनी बिराजदारांचा खांदा धरला आणि पहिल्या कबरीपाशी गेले. दगडावरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही अकलूजची मुलगी. लॅबमध्ये काम करते. नळ उघडे ठेवते. बाकी बरी आहे. हरकत आहे का?" थोडा वेळ थांबले. पुढच्या कबरीपाशी गेले. नाव वाचलं. पुन्हा तेच विचारलं. पुन्हा थांबले.

ऊन वाढत होतं. बिराजदार त्यांना एकेका दगडापाशी नेत होते, आणि हळूहळू त्यांनीही डोक्यावर रुमाल टाकला. एका तिरक्या दगडाशी गार्डसाहेब खूपच थांबले. "ही माझी आत्या," ते हळूच म्हणाले. "हिनं जन्मात कशाला हो म्हटलेलं नाही." आम्ही सगळे वाट बघत राहिलो.  आत्या नाही म्हणाल्या तर, असं खरंच मनात आलं, आणि त्या क्षणी मला कळलं की त्यांनी हो म्हणावं असं मला वाटतंय.

"नाही म्हणाली नाही," गार्डसाहेब म्हणाले. "तिच्या मानानं हे पुष्कळ झालं."

शेवटची कबर त्यांच्या बायकोची होती. तिथं त्यांनी प्रश्न मोठ्यानं विचारला नाही. वाकता येत नव्हतं म्हणून बिराजदारांनी एक लहान दगड उचलून त्यांच्या हातात दिला आणि यहुद्यांच्या रीतीप्रमाणे त्यांनी तो कबरीवर ठेवला. मग मागं वळून म्हणाले, "एकमतानं मंजूर."

ते इस्राएलला जाऊन आता बराच काळ झाला. आम्ही तिघं महिन्यातून एकदा जातो. बिराजदार टँकरनं पाणी आणतात, आम्ही लावलेली झाडं जगली आहेत. गवतात पाल दिसली तर चिलवेरी पुढं होतात. गार्डसाहेबांचा फोन येतो. तिकडच्या मराठी बायका पुरणपोळी चांगली करतात, पण बोलतात फार, अशी त्यांची तक्रार असते.

गेल्या थंडीत ठाण्याहून एक तरुण आला होता. पणजोबांची कबर शोधत होता. मी त्याला दाखवली. त्यानं टोपी घालून काहीतरी म्हटलं, दगड ठेवला, डोळे पुसले. मग नव्या भिंतीकडे, पाण्याच्या पाइपकडे, झाडाखाली डबा खात बसलेल्या बिराजदार-चिलवेरींकडे बघत राहिला.

"छान ठेवलंय सगळं," तो म्हणाला. "इथलं कोण बघतं?"

"मी. अध्यक्ष आहे मी."

"तुम्ही बेने इस्राएल?"

"नाही. अकलूजची."

त्यानं त्यावर जरा विचार केला. विचारू की नको असं त्याचं झालं होतं. शेवटी विचारलंच. "मग सोलापुरात समाजाचे लोक किती आहेत आता?"

"सध्या कुणीच नाही," मी म्हणाले. "पण कमिटी पूर्ण आहे."